न उघडलेला डबा

१९९९ च्या फेब्रुवारीतली गोष्ट आहे. बँकेने आदल्या वर्षी माझी बदली लंडनच्या शाखेत केली होती. घर वेंब्लीला, कचेरी सिटीत. सकाळी ट्यूबमध्ये बसायला जागा मिळाली की पाऊण तास कोणी हाक मारत नसे, आणि तेवढ्या वेळात मी दोन वर्तमानपत्रे वाचून संपवत असे. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा, ही वडिलांनी लावलेली सवय. त्यांना गावात एकच पेपर मिळे, तोही दुसऱ्या दिवशी. मला त्या शहरात हवे तेवढे मिळत होते, ही माझ्या दृष्टीने चैनच होती.

त्या आठवड्यात सगळ्या पेपरांत एकच विषय होता. स्टीव्हन लॉरेन्स नावाचा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय विद्यार्थी १९९३ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या एल्टम भागात बसची वाट पाहत असताना भोसकून मारला गेला होता. पोलिसांनी तपासात केलेल्या हेळसांडीची चौकशी सर विल्यम मॅकफर्सन यांनी केली आणि त्यांचा अहवाल २४ फेब्रुवारी १९९९ रोजी जाहीर झाला. वर्णद्वेष दोन-चार वाईट पोलिसांपुरता नाही, तो यंत्रणेच्या रोजच्या वागण्यात मुरलेला आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. एकूण सत्तर शिफारशी होत्या आणि त्यांतल्या काही शाळांविषयी होत्या. शाळेत घडणारी वर्णद्वेषाची प्रत्येक घटना नोंदवावी, पालकांना कळवावी, दरवर्षी शाळावार आकडे प्रसिद्ध करावेत, असे त्यात म्हटले होते.

मी ते सगळे वाचले. अग्रलेख वाचले, वाचकांची पत्रे वाचली. रात्री जेवताना बायकोला सविस्तर सांगितले. आमची नऊ वर्षांची मुलगी शेजारी बसून मुकाट्याने वरणभात खात होती. ती हल्ली शाळेतून आली की फार भुकेली असते, एवढे बायकोच्या लक्षात आले होते. वाढीचे वय आहे, असे मी म्हणालो.

पुढे मार्चमध्ये एकदा तळमजल्यावरच्या गुजराती बा जिन्यात भेटल्या. बायकोला बाजूला घेऊन त्यांनी सांगितले, तुमची छोकरी रोज संध्याकाळी बागेच्या कोपऱ्यावरच्या कचरापेटीत खाणे टाकते, मी खिडकीतून पाहते. आम्हांला खरे वाटेना. डबा तर रोज रिकामा, पुसलेला घरी येत होता. त्या रात्री मुलीला जवळ घेऊन विचारले. आधी काही बोलेना. मग रडू फुटले. शाळेत डबा उघडला की समोरची तीन मुले नाक दाबून धरत, खुर्च्या मागे सरकवत. एक शब्द उच्चारत. आपल्या भागातून गेलेल्या माणसांना त्या देशात हिणवायला वापरतात तो शब्द. तो मी इथे लिहीत नाही. म्हणून ती डबा उघडतच नव्हती.

"किती दिवस?" मी विचारले.

"शाळा सुरू झाल्यापासून, बाबा."

म्हणजे सप्टेंबरपासून. सहा महिने! मी मुलीच्या जेवणाच्या टेबलाशी बसून इंग्लंडमधल्या वर्णद्वेषावर व्याख्यान देत होतो आणि तो माझ्याच घरच्या डब्यात भरून रोज शाळेत जात होता, रोज कचरापेटीत पडत होता.

तेव्हापासून मला एक नाद लागला. शाळेतल्या वर्णद्वेषाविषयी वर्तमानपत्रांनी कधी, काय आणि कसे लिहिले, हे मिळेल तिथून वाचायचे. हा काही अभ्यासकाचा उद्योग नव्हे. आयुष्यभर हिशेब तपासलेला माणूस आहे मी. वहीत आकडे बरोबर दिसत असूनही पैसे कमी भरले तर झोप लागत नाही, तसे झाले होते. पंचवीस वर्षांच्या या वाचनातून जे समजले ते आज मांडतो आहे.

सुरुवात एका फोटोने करायला हवी. शाळा आणि वर्णद्वेष हे दोन शब्द एकत्र आले की जगभरच्या वाचकाला तोच आठवतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली सरकारी शाळांतली गोऱ्या-काळ्या मुलांची फाळणी घटनाबाह्य ठरवली. आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरी, सेंट्रल हायस्कूलमध्ये १९५७ च्या सप्टेंबरात नऊ कृष्णवर्णीय मुले दाखल व्हायची होती. त्यांना अडवण्यासाठी गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी नॅशनल गार्डचे सशस्त्र जवान शाळेभोवती उभे केले. ४ सप्टेंबरला नऊही मुलांनी मिळून जायचे असे ऐन वेळी ठरले. पण एलिझाबेथ एकफर्डच्या घरी टेलिफोन नव्हता. निरोप पोचला नाही. पंधरा वर्षांची ती मुलगी एकटीच गेली. घरी शिवलेला नवा पांढरा पोशाख, डोळ्यांवर काळा चष्मा, छातीशी धरलेली वही. जवानांनी तिला आत सोडले नाही. ती वळली आणि मागे ओरडणारा जमाव लागला. 'आर्कान्सा डेमोक्रॅट'चे छायाचित्रकार विल काउंट्स यांनी त्या क्षणाचा फोटो काढला. त्यात एलिझाबेथच्या मागे एक गोरी मुलगी तोंड वासून किंचाळते आहे. तिचे नाव हेझेल ब्रायन. तीही पंधराच वर्षांची.

हा फोटो काढणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे ऋण मानलेच पाहिजे. त्या दिवसांत काही वृत्तपत्रांनी आणि पत्रकारांनी मोठी किंमत मोजली. गव्हर्नरच्या विरोधात उभे राहिलेल्या 'आर्कान्सा गॅझेट'चे वर्गणीदार तुटले, जाहिराती गेल्या; पुढच्या वर्षी त्याला दोन पुलित्झर पारितोषिके मिळाली, पण तुटलेला पैसा पारितोषिकाने भरून येत नाही. २३ सप्टेंबरला शाळेबाहेरच्या जमावाने कृष्णवर्णीय पत्रकारांना मारहाण केली. मेम्फिसच्या 'ट्राय-स्टेट डिफेंडर'चे संपादक अ‍ॅलेक्स विल्सन यांनी पळायचे नाकारले आणि लाथा-बुक्क्या खाल्ल्या. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कर पाठवले आणि २५ सप्टेंबरला ती नऊ मुले सैनिकांच्या पहाऱ्यात शाळेत शिरली. इथपर्यंतची हकिगत आपल्याला पाठ आहे, कारण इथपर्यंत पत्रकार फाटकापाशी उभे होते.

मुले आत गेली आणि दार बंद झाले. शाळेचे वर्ष तर पुढे मे महिन्यापर्यंत चालायचे होते. त्या आठ महिन्यांत आत काय झाले? जिन्यावरून ढकलणे, टाचेवर पाय देणे, अंगावर थुंकणे, कपाटे फोडून वह्या नासवणे. रोज, आणि सहसा शिक्षकांची पाठ फिरल्यावर. मिनीजीन ब्राउन या मुलीची वाट कँटीनमध्ये खुर्च्या आडव्या घालून अडवली गेली आणि तिच्या हातातला वाडगा दोन मुलांच्या अंगावर सांडला. तिला शाळेतून तात्पुरते काढले. फेब्रुवारीत, शिवीला उलट उत्तर दिल्यावर, कायमचे काढले. ती मात्र बातमी झाली. जे तीन महिने चालले होते ते छापण्याजोगे नव्हते आणि एका दिवसाचा वाडगा होता! त्या नवांपैकी मेल्बा पटिलो रोजनिशी लिहीत असे. तिचे पुस्तक १९९४ साली आले, तेव्हा ती पन्नाशी ओलांडलेली होती. फाटकाच्या आतली हकिगत सविस्तर कळायला इतकी वर्षे जावी लागली आणि ती सांगावी लागली ती त्या मुलीलाच.

फोटोची आणखी एक गंमत आहे, खेदाने म्हणावे लागते. तो पाहिला की आपला सगळा राग त्या तोंड वासलेल्या हेझेलवर जातो, आणि राग गेला की बरे वाटते. आपण काही असे रस्त्यावर ओरडणार नाही! पण सेंट्रल हायस्कूलमध्ये तेव्हा दोन हजारांच्या आसपास मुले शिकत होती. त्यांतली बहुसंख्य ना ओरडली, ना कोणाला धक्का दिला, ना त्या नवांपैकी कोणाशेजारी जेवायला बसली. त्यांचा फोटो कोणी काढला नाही, कारण काही न करणाऱ्याचा फोटो निघत नाही. खरे तर आपल्यासारख्या वाचकाने त्या फोटोत स्वतःला शोधायचे असेल तर ते तिथे शोधायला हवे.

पुढे १९९७ साली, चाळीस वर्षांनी, त्याच विल काउंट्स यांनी त्याच शाळेसमोर त्या दोघींचा एकत्र फोटो काढला. दोघी हसताहेत. हेझेलने त्याआधी १९६३ मध्ये फोन करून एलिझाबेथची माफी मागितली होती. 'समेट' या मथळ्याचे पोस्टर निघाले, खपले, वर्तमानपत्रांना गोड शेवट मिळाला. पण दोन-चार वर्षांतच दोघींमधले बोलणे थांबले. एलिझाबेथला वाटे, हेझेल सगळे आठवत नाही, सोयीचे तेवढेच आठवते. हेझेलला वाटे, किती वेळा माफी मागितली तरी पुरी पडत नाही. डेव्हिड मार्गोलिक यांनी २०११ मध्ये या दोघींवर अख्खे पुस्तक लिहिले, म्हणून हे कळले. पोस्टर पाहिलेल्या किती जणांपर्यंत ते पुस्तक पोचले असेल?

बँकेत रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. रोजकिर्दीत त्या-त्या दिवशीचे व्यवहार. खतावणीत एकेका खातेदाराचे पान, वर्षानुवर्षांचे. नुसत्या रोजकिर्दीवरून अमुक माणूस कर्जात बुडतो आहे हे कळत नाही. त्याला त्याचे पान उघडावे लागते. वर्तमानपत्र ही समाजाची रोजकीर्द. ती हवीच. माझी तक्रार एवढीच, की मुलाचे पान कोणी उघडत नाही.

लिटल रॉकमध्ये पत्रकार निदान मुलांच्या बाजूने उभे होते. इंग्लंडमध्ये १९८६ साली जे घडले ते मला जास्त अस्वस्थ करते. तिथे बातमीने दुखणेच उलटे दाखवले.

आपल्याकडे इंग्रजी बालवाडीत जाणारे पोर पहिल्यांदा जी गाणी शिकते त्यांत काळ्या मेंढीचे गाणे असते. १९८६ च्या फेब्रुवारीत लंडनच्या एका खपाऊ दैनिकाने बातमी दिली, की हॅकनी भागात हे गाणे वर्णद्वेषी म्हणून बंद केले आहे. वाचकांची करमणूक झाली आणि संतापही. मग तीच बातमी इतर पेपरांनी उचलली. वर्षअखेरीस ती हॅरिंगे भागाच्या नावाने पुन्हा आली. पुढे गोल्डस्मिथ्स कॉलेजच्या अभ्यासकांनी तिचा माग काढला. पालिकेने बंदी घातलेलीच नव्हती. मूळ बालवाडीही पालिकेची नव्हती, पालकांनी मिळून चालवलेली होती. पण खुलासा कोण वाचतो? २००६ साली ती मेंढी ऑक्सफर्डशरमध्ये पुन्हा उगवली. तिथल्या बालवाडीत मुले म्हणे 'इंद्रधनुषी मेंढी' गातात. चालवणाऱ्या संस्थेने सांगितले, की मुलांना शब्द शिकवण्यासाठी आम्ही दर कडव्याला विशेषण बदलतो: आनंदी मेंढी, दुःखी मेंढी, उड्या मारणारी मेंढी. वर्णद्वेषाचा संबंधच नव्हता.

ही मेंढी हसण्यावारी नेण्याजोगी वाटते. पण त्याच १९८६ सालच्या १७ सप्टेंबरला मँचेस्टरच्या बर्नेज हायस्कूलच्या मैदानात अहमद इक्बाल उल्ला हा तेरा वर्षांचा बांगलादेशी कुटुंबातला मुलगा भोसकून मारला गेला. मारणारा त्याच शाळेतला गोरा मुलगा, तोही तेराच वर्षांचा. धाकट्या आशियाई मुलांना तो त्रास देत होता आणि अहमद मध्ये पडला होता.

मँचेस्टरच्या नगर परिषदेने बॅरिस्टर इयन मॅकडोनाल्ड यांच्या अध्यक्षतेखाली चौघांची चौकशी समिती नेमली. समितीने मुले, पालक, शिक्षक सगळ्यांशी बोलून मोठा अहवाल तयार केला. पण बदनामीच्या दाव्यांच्या भीतीने परिषदेने तो प्रसिद्ध केला नाही. १९८८ मध्ये त्यातले भाग फुटले आणि वर्तमानपत्रांत आले. मथळ्यांचा सूर एकच: वर्णद्वेषाविरुद्धची धोरणे फसली, त्यांनीच मुलांमध्ये तेढ वाढवली. मेंढीच्या बातमीवर पोसलेल्या वाचकाला ते लगेच पटले. या लोकांनी गाणी बंद केली, आता पाहा काय झाले!

समितीने तसे म्हटलेच नव्हते. सदस्यांनी जाहीरपणे सांगितले, की आमच्या अहवालाचा विपर्यास होतो आहे. शाळेतला वर्णद्वेष खरा होता आणि त्या खुनाचा त्याच्याशी संबंध होता, हे त्यांनी स्वच्छ लिहिले होते. त्यांची टीका वेगळी होती. शाळेने वर्णद्वेषाविरुद्धचे धोरण वरून, पोथीनिष्ठपणे राबवले. गोऱ्या कामगारवस्तीतल्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना त्यात घेतलेच नाही. त्यांना फक्त दोषी म्हणून उभे केले. म्हणून हे काम सोडू नका, नीट करा, सगळ्यांना धरून करा, असे समिती म्हणत होती. संपूर्ण अहवाल १९८९ मध्ये पुस्तकरूपाने आला. तोवर मथळ्यांनी आपले काम केले होते.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर तपासनिसाने लिहिले होते, कर्जवाटप चांगले आहे पण वसुलीची पद्धत सुधारा; आणि बातमी झाली, कर्जवाटप बंद करण्याची तपासनिसाची शिफारस! या सगळ्यात अहमद कुठे राहिला? तो धाकट्यांसाठी मध्ये पडला होता. मला वाटते त्याच्याविषयीची सर्वांत मोठी बातमी हीच होती. आज मँचेस्टरमध्ये वर्ण आणि वंश या विषयांवरच्या ग्रंथालयाला त्याचे नाव आहे. सिल्हटकडे त्याच्या आईने त्याच्या नावाने शाळा उभारली आहे. ते पान त्या आईने उघडे ठेवले आहे.

सगळ्या पेपरांना एकाच मापाने मोजणे न्यायाचे होणार नाही. 'डेली मेल' या दैनिकाने १९९७ च्या फेब्रुवारीत स्टीव्हन लॉरेन्सच्या पाच संशयितांचे फोटो नावांसह पहिल्या पानावर छापले, त्यांना खुनी म्हटले आणि खोटे असेल तर आमच्यावर दावा लावा, असे आव्हान दिले. त्या पाचांपैकी दोघांना २०१२ साली शिक्षा झाली. वर्तमानपत्राने मनात आणले तर ते काय करू शकते, हे यातून दिसते. पण तिथेही खून व्हावा लागला.

आता माझ्या मुलीच्या शाळेकडे येतो. आम्ही नवरा-बायको वर्गशिक्षिकेला भेटायला गेलो. मी फार तावातावाने गेलो होतो. पेपर वाचून मुद्दे जमवले होते. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले, एक वही काढली, तारीख घातली आणि लिहून घेतले. मग म्हणाल्या, मला एक आठवडा द्या. आठवड्याने त्यांनी जे सांगितले त्याने माझे मुद्दे जागच्या जागी राहिले. नाक दाबणाऱ्या तिघांपैकी एका मुलाचे आजोबा पंजाबातून आलेले होते. सगळ्यांत आधी नाक तोच दाबत असे. त्याच्या स्वतःच्या डब्यात जॅम लावलेला पाव असायचा. आईला त्याने निक्षून सांगितले होते, घरचे काही द्यायचे नाही. बाई म्हणाल्या, आपल्यावर पाळी येऊ नये म्हणून तो दुसरीकडे बोट दाखवत होता.

कोणत्या मथळ्यात बसवायचे या मुलाला? गोरा विरुद्ध काळा या चौकटीत तो बसत नाही. 'मुलांची थट्टा, तिचा बाऊ' या चौकटीतही नाही. कोणी म्हणेल, मुले चष्म्यावरून, लठ्ठपणावरूनही चिडवतात. ते खरेच आहे. पण चष्म्याची थट्टा चष्म्यापाशी थांबते. डब्याच्या थट्टेत आई येते, घर येते, घरी बोलायची भाषा येते. नऊ वर्षांच्या पोराला ते सगळे लपवावेसे वाटू लागते. त्या मुलाने लपवले आणि माझ्या मुलीने फेकले.

बाईंनी कोणाला शिक्षा केली नाही. त्या स्वतः रोज त्या टेबलावर बसून जेवू लागल्या. जूनपर्यंत डबा उघडू लागला. पहिल्यांदा त्यातले थालीपीठ मागून घेतले ते त्या बाईंनी.

पण या गोष्टीला एक पुरवणी आहे. पुढच्या वर्षी आमच्या भागातल्या एका साप्ताहिकाने शाळांमधल्या नोंदलेल्या घटनांचे आकडे छापले. ज्या शाळेचा आकडा मोठा ती वाईट, असा हिशेब. आमच्या मुलीची शाळा वरच्या क्रमांकात होती. तिथल्या बाई प्रामाणिकपणे लिहीत होत्या म्हणून! ज्या शाळांनी वहीच उघडली नाही त्या निष्कलंक ठरल्या. मी बँकेत अशा शाखा पाहिल्या आहेत. थकलेली कर्जे वेळेवर दाखवणारा मॅनेजर बोलणी खातो, आणि झाकून ठेवणाऱ्याला बदलीपर्यंत शाबासकी मिळत राहते. नंतरच्या वर्षांत त्या देशातल्या मोठ्या पेपरांनीही हे आकडे हाती घेऊन 'चिमुरड्यांना वर्णद्वेषी ठरवले' असे मथळे दिले. नोंद करणाऱ्याला दोन्हीकडून मार बसला, तर नोंद कोण करील?

संपादक मंडळी म्हणतील, बातमी म्हणजे काही घडले पाहिजे. रोजचे डबे आम्ही कुठवर छापणार? मी म्हणतो, कांद्याचे भाव रोज छापताच ना? धरणातल्या पाण्याची पातळी? पाऊस किती मिलीमीटर पडला? रोजचे मोजमाप छापण्याची पद्धत पेपरांना नवीन नाही. प्रश्न काय मोजण्याजोगे वाटते याचा आहे. शाळा म्हटली की आपल्या पेपरांना दहावीच्या निकालाच्या दिवशी उड्या मारणाऱ्या मुलींचा फोटो आठवतो, प्रवेशाचे हाल आठवतात, फीवाढ आठवते. मूल आठवते ते त्याचे काही भयंकर झाल्यावर.

आणि 'आपल्याकडे वर्णद्वेष नाही' असे म्हणून हे पान उलटायची सोय आपल्याला नाही. रविवारच्या याच पेपरात वधू-वरांच्या जाहिरातींत अजूनही 'गोरी' हा शब्द सापडतो. वर्ण आणि जात या एकच गोष्टी नव्हेत, हे मी जाणतो. पण शाळेतल्या मुलाच्या वाट्याला येणारा अनुभव, आणि तो बातमीत न मावणे, हे सारखे आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत डॉ. आंबेडकरांचे नाव दाखल झाले. महाराष्ट्रात तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत ते घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत, आणि शिपाई आला नाही तर त्यांना पाणी मिळत नसे. हे आपल्याला कळले ते त्यांनी स्वतः मोठेपणी लिहिल्यामुळे. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा पहिल्याच अंकात त्यांनी म्हटले होते, की बहुतेक वर्तमानपत्रे विशिष्ट जातींचेच हित पाहतात. मेल्बा पटिलोला रोजनिशी लिहावी लागली, इथे वर्तमानपत्रच काढावे लागले.

आता एक कबुली देऊन संपवतो. १९६० च्या दशकात आमच्या गावच्या शाळेत व्हरांड्यात माठ असे. आम्ही सगळे पेला बुडवून पाणी घ्यायचो. एक मुलगा ओंजळ धरून उभा राहायचा आणि कोणीतरी वरून पाणी ओतायचे. कायद्याने अस्पृश्यता संपून तेव्हा बरीच वर्षे झाली होती. पुष्कळदा ओतणारा मीच असे, आणि आपण त्याला मदत करतो असे मला वाटे. नाव आठवते. पुढे तो आमच्या वर्गात दिसेनासा झाला. का, ते कोणी विचारले नाही, मीही नाही. मी नंतर तीन कादंबऱ्या लिहिल्या. गाव आहे, शाळा आहे, व्हरांडाही आहे. तो मुलगा एकीतही नाही. मग वर्तमानपत्रांना जाब विचारायचा मला अधिकार किती, हे वाचकांनी ठरवावे. पण मुलाचे पान न उघडणे ही केवळ पत्रकारांची खोड नाही, एवढे मला माझ्याच वहीवरून कळले आहे.

मुलगी आता पस्तिशीला आली. मॅकफर्सन अहवाल तिला आठवत नाही. बागेच्या कोपऱ्यावरची कचरापेटी आठवते, आणि बाई आठवतात.

उद्या सोमवार. मुले शाळेत जातील आणि संध्याकाळी परत येतील. आपण सवयीने विचारू, डबा खाल्लास का? मूल हो म्हणेल. आमचीही म्हणायची. त्याऐवजी एकदा विचारून पाहा, कोणाबरोबर बसून खाल्लास? आणि आपल्या मुलाच्या टेबलावर कोण बसत नाही, तेही विचारा. उत्तर यायला थोडा वेळ लागेल. तोवर पेपर खाली ठेवावा.